घर आपलं, चावी मॅनेजरकडे: पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्यांसाठी

भाड्याचं घर सांभाळायला मॅनेजर ठेवला की आपण सुटलो, असं मला पहिल्यांदा घर भाड्याने दिलं तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं. चावी दिली, सह्या केल्या आणि पुढचं वर्षभर मी फक्त बँकेचा मेसेज बघायचे, पैसे आले की झालं, बाकी काही विचारायचं नाही, उगाच त्यांना वाटायचं की ही बाई संशय घेतेय. तो भिडस्तपणा मला चांगलाच महागात पडला, कसा ते खाली हिशोबाच्या भागात सांगते. आता तीन मॅनेजर करून झालेत, तिसरा अजून टिकून आहे आणि चांगला आहे, आणि एवढ्यावरून सांगते की मॅनेजर आल्यावर आपलं काम संपत नाही, ते बदलतं. नळ गळतोय का हे आपण बघायचं नसतं, पण नळ गळला तर कोणी, किती वेळात, किती खर्चात आणि कोणाला विचारून तो दुरुस्त करायचा हे आपणच ठरवून द्यायचं असतं. जे ठरवून लिहून दिलेलं नसेल ते त्याच्या सोयीने ठरतं. त्यासाठी तो माणूस लबाड असायला लागतो असंही नाही, त्याच्याकडे तुमच्यासारखी अजून पाचपन्नास घरं असतात एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगते, डिपॉझिट, नोटीस, भाडेवाढ, घर खाली करून घेणं हे सगळे नियम जागेगणिक वेगळे असतात, त्यामुळे तेवढं तुमच्या इथल्या वकिलाला एकदा विचारून घ्या. बाकीचं सगळीकडे साधारण सारखंच चालतं.

१. मॅनेजरला फोन करण्याआधी आकडेमोड

बहुतेक नवीन मालक भाडं गुणिले बारा करतात आणि खूश होतात. मीही केलं होतं. आता हे बघा. वर्षाचं भाडं म्हणजे १२ महिने. एक महिना घर रिकामं राहिलं, उरले ११ (एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या उत्पन्नातले ८.३३ टक्के गेले, ऐकायला छोटं वाटतं पण नाहीये). मॅनेजरची फी १० टक्के धरली तर ११ मधले १.१ गेले, उरले ९.९. नवीन भाडेकरू आणून दिल्याची वेगळी फी अर्धा महिना, उरले ९.४. दुरुस्त्यांना एक महिन्याचं भाडं बाजूला ठेवलं, उरले ८.४. यातून अजून कर जायचाय, विमा जायचाय, इमारतीचा मेंटेनन्स जायचाय. घरावर कर्ज असेल आणि त्याचा हप्ता भाड्याएवढाच असेल तर वर्षातले जवळपास चार महिने तो हप्ता तुमच्या खिशातून जाणार आहे हे आत्ताच कळलेलं बरं. हे चित्र वाईट वर्षाचं आहे असं समजू नका, भाडेकरू बदलला त्या वर्षाचं हे साधं चित्र आहे.

मग प्रश्न येतो की मॅनेजर हवाच कशाला. घर तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तुम्हाला लोकांशी बोलायचा कंटाळा नाही आणि थकलेलं भाडं मागताना तुमची जीभ जड होत नाही, तर नका ठेवू, खरंच. पण घर दुसऱ्या शहरात आहे, तुम्ही दुसऱ्या देशात आहात किंवा माझ्यासारखी भिडस्त माणसं असाल तर ठेवा, कारण भिडस्त मालकाला लागणारी किंमत फीपेक्षा जास्त असते.

आणि एजंट वेगळा, मॅनेजर वेगळा, यात भल्याभल्यांचा घोळ होतो. एजंट भाडेकरू आणून देतो, त्याचे पैसे एकदाच घेतो आणि विषय संपतो. मॅनेजरचं काम भाडेकरू राहायला आल्यावर सुरू होतं. काही लोक दोन्ही करतात, पण दोन्हीत हुशार असतातच असं नाही. गोड बोलून घर दाखवणारा माणूस रात्री अकरा वाजता तुंबलेल्या पाइपसाठी फोन उचलेलच याची काही खात्री नाही.

२. मॅनेजर निवडताना काय विचारायचं

निदान तिघांशी बोला. फी हा शेवटचा प्रश्न ठेवा. आधी हे विचारा की माझं घर प्रत्यक्ष कोण बघणार, आणि त्या एका माणसाकडे किती घरं आहेत. मीटिंगला येतात ते साहेब आणि नंतर आपल्याला मिळतो तो कोणी दुसराच, ज्याला आपलं नावही माहीत नसतं, हे मी दोनदा भोगलंय. तोच माणूस समोर बसवायला सांगा.

मागच्या महिन्यात एखाद्या मालकाला पाठवलेलं हिशोबाचं स्टेटमेंट दाखवा म्हणावं, मालकाचं नाव झाकून. यात नाही म्हणण्यासारखं काही नसतं. त्या कागदावर 'दुरुस्ती, किरकोळ' अशी एकच ओळ आणि पुढे आकडा असेल तर तुमचंही स्टेटमेंट तसंच येणार आहे.

मग विचारा, गेल्या वर्षी तुमच्याकडच्या कोणत्या भाडेकरूने भाडं थकवलं आणि तुम्ही कुठल्या दिवशी काय केलं. "आमच्याकडे असं होतच नाही" असं उत्तर आलं तर चहा संपवा आणि उठा. जो सांगतो की तिसऱ्या दिवशी मेसेज करतो, पाचव्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी लेखी पत्र आणि त्याच दिवशी मालकाला कळवतो, त्याच्याकडे काहीतरी पद्धत आहे. दिवस इकडेतिकडे असू देत, पण ठरलेले असावेत.

ज्या मालकांचं नाव ते स्वतःहून देतात त्यांना फोन करा, पण मॅनेजरला सोडून गेलेल्या एखाद्या मालकाचाही नंबर मागून बघा. देतील न देतील, मागितल्यावर चेहरा कसा होतो ते बघा. बऱ्याच देशांत या धंद्याला लायसन्स किंवा नोंदणी लागते आणि तिची यादी सरकारी ठिकाणी कोणालाही बघता येते, ती स्वतः बघा, भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका.

अजून एक माझी आवडती युक्ती. त्यांची एखादी जाहिरात बघून भाडेकरू म्हणून फोन करा. फोन उचलतात का, घराबद्दल नीट माहिती देतात का, परत फोन करतो म्हणून करतात का. तुमच्या घरासाठी फोन करणाऱ्यांना हाच अनुभव येणार आहे.

३. फी: टक्का कशावर, हे टक्का किती याच्या आधी

फी प्रत्येक देशात, शहरात वेगळी असते, साधारण भाड्याच्या ५ ते १५ टक्क्यांत कुठेतरी. पण आधी विचारा की हा टक्का जमा झालेल्या भाड्यावर की ठरलेल्या भाड्यावर. दोन शब्दांचा फरक आहे पण फार मोठा आहे. ठरलेल्या भाड्यावर असेल तर भाडेकरूने पैसे दिले नाहीत तरी मॅनेजरला त्याचे मिळतात, मग तो वसुलीसाठी कशाला धावेल. जमा झालेल्यावरच घ्या. घर रिकामं असताना फी लागते का तेही विचारा.

दुसरं म्हणजे दुरुस्तीच्या बिलावर ते स्वतःचं काही लावतात का. बरेच जण लावतात, १० टक्के, १५ टक्के, आणि ते चूकच आहे असं मी म्हणत नाही, प्लंबर शोधणं, त्याच्या मागे लागणं हेही काम आहे. पण ते उघड असलं पाहिजे. आणि ते धरून मगच दोन मॅनेजरची तुलना करा. समजा एक जण ६ टक्के फी आणि दुरुस्तीवर १५ टक्के घेतो, दुसरा सरळ ९ टक्के घेतो आणि दुरुस्तीवर काही नाही. भाडं शंभर धरा. दुरुस्तीचा महिन्याचा सरासरी खर्च वीस झाला की दोघे सारखे पडतात, त्याच्या वर गेला की स्वस्त वाटणारा महाग. म्हणजे नवं कोरं घर असेल तर पहिला परवडेल, आणि जुने पाइप, जुनी वायरिंग असलेलं घर असेल तर दुसरा. शिवाय पहिल्याला दुरुस्त्या जास्त झाल्या तर बरंच वाटणार, हे विसरू नका.

तिसरं, नवीन भाडेकरू आणण्याची फी. अर्धा महिना असेल तर ती जवळपास साडेपाच महिन्यांच्या ९ टक्क्यांच्या फीएवढी होते. म्हणजे भाडेकरू बदलला की तुमचं नुकसान आणि त्याचा फायदा. मुद्दाम कोणी भाडेकरूला हाकलत नाही, पण त्याला टिकवायची धडपडही करत नाही. म्हणून करारात एक ओळ घालून घ्या की आणलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत गेला तर पुढचा विनाफी आणून द्यायचा. बहुतेक जण थोडं कुरकुरून मान्य करतात.

४. करार वाचा, खरंच वाचा

आपण भाडेकरूचा करार चारदा वाचतो आणि मॅनेजरचा करार "स्टँडर्ड आहे मॅडम" म्हटल्यावर सही करून टाकतो. मी पहिल्या करारात आपोआप नूतनीकरणाचं कलम बघितलंच नव्हतं, मुदत संपायच्या ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर अजून एक वर्ष पुढे. मी ४० दिवस आधी कळवलं. गेलं अजून एक वर्ष.

सगळ्यात जास्त वेळ दुरुस्तीच्या मर्यादेवर घालवा. एक आकडा ठरवा, त्याच्या आतलं काम मॅनेजरने न विचारता करायचं, वरचं असेल तर कोटेशन आणि फोटो पाठवून विचारायचं. हा आकडा फार खाली ठेवलात तर दर दोन दिवसांनी बिजागरीसाठी फोन येईल, मग मॅनेजर ठेवून उपयोग काय, आणि फार वर ठेवलात तर मोठे खर्चही तुम्हाला न विचारता होतील. मी महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवते. आणि सोबत हेही लिहा की एकाच कामाचे तुकडे पाडून मर्यादेच्या आत बसवायचे नाहीत. हे वाक्य मी कुठून शिकले ते पुढे नळाच्या गोष्टीत कळेल.

तातडीच्या कामांना ही मर्यादा लावायची नाही. पण तातडीचं म्हणजे काय तेही लिहा, नाहीतर खोलीचा दिवा गेला हेही तातडीचं होतं. माझ्या यादीत पाच गोष्टी आहेत: न थांबणारं पाणी, गॅसचा वास, वायरिंगमधून ठिणग्या किंवा जळका वास, उलटं येणारं सांडपाणी, आणि बंद न होणारा मुख्य दरवाजा. या पाचांसाठी आधी माणूस पाठवायचा, मग मला सांगायचं. पाण्याच्या बाबतीत तर वाट बघणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, भिजलेल्या भिंतीला, लाकडाला २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, आणि तुम्ही दुसऱ्या टाइमझोनमध्ये झोपलेले असताना "मॅडमची परवानगी यायची आहे" म्हणून कोणी थांबलं तर नळाच्या वॉशरचं काम फरशी उखडण्यावर जातं.

पैशाचा रस्ता लिहून घ्या. भाडं कोणाच्या खात्यात येतं, कोणत्या तारखेला तुमच्याकडे येतं, आणि मालकांचे पैसे ते स्वतःच्या धंद्याच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवतात का. काही देशांत तसं वेगळं खातं कायद्यानेच बंधनकारक आहे. नसेल तिथेही आग्रह धरा, कारण मॅनेजरचा धंदा बुडाला तर एकत्र खात्यातले तुमचे पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत तुम्हीही उभे. डिपॉझिटचं तर विशेष बघा, ते भाडेकरूचे पैसे असतात, ते परत द्यायची जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते, ते मॅनेजरकडे असले तरी.

तुमच्या वतीने सही करायचा अधिकार देणार असाल तर तो तेवढ्याच कामापुरता द्या, अमुक घर, अमुक भाड्याच्या खाली नाही, अमुक मुदतीच्या वर नाही. सगळ्या कामांचं सरसकट मुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका, मॅनेजर कितीही गोड असला तरी. आणि बाहेर पडायचा दरवाजा बघून ठेवा: किती दिवसांची नोटीस, दंड आहे का, आणि तुम्ही मॅनेजर सोडलात पण भाडेकरू तोच राहिला तर त्याची फी चालू राहते का. काही करारांत राहते!

५. घर हातात देताना

पहिला भाडेकरू येण्याच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस काढा. मोबाइल घेऊन दारापासून सुरुवात करून सगळ्या घराचा एक सलग व्हिडिओ, बोलत बोलत, मग प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो, मग जवळून: ओट्याची कड, टाइल्सचे तडे, सिंकच्या खालचा पाइप, कपाटांच्या आतल्या बाजू, खिडकीच्या चौकटी, मीटरचं रीडिंग. आधीपासून असलेला ओरखडाही काढा, विशेषतः तोच काढा. डिपॉझिटचं भांडण होतं तेव्हा दोन्ही बाजू शपथेवर बोलतात आणि जिंकतो तो फोटो. भाडेकरूलाही एक प्रत द्या आणि त्याची सही घ्या, तो पण निवांत होतो.

मग एक कागद करा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो, विजेचा मेन स्विच कुठे, गॅसचा कॉक कुठे, गिझर आणि बाकीच्या वस्तूंचे मॉडेल नंबर, कधी घेतल्या, वॉरंटी कधीपर्यंत. मी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवते, एक मॅनेजरला देते. स्मोक अलार्म असेल तर मागे तारीख बघा, साधारण १० वर्षांनी तो अख्खा बदलायचा असतो, नुसती बॅटरी बदलून भागत नाही. चाव्या मोजा आणि किती दिल्या ते लिहून सही घ्या. चार म्हणजे चार.

वापराने होणारी झीज आणि नुकसान यातला फरक आत्ताच मॅनेजरशी बोलून घ्या. उन्हाने उडालेला रंग, दोन खिळ्यांची भोकं, चालून चालून मळकी झालेली फरशी ही झीज, तिचे पैसे भाडेकरूकडून कापायचे नसतात. फुटलेलं बेसिन, इस्त्रीने जळालेला ओटा हे नुकसान. त्यातही वस्तूचं वय धरायचं. रंगाचं आयुष्य पाच वर्षं धरलं आणि भाडेकरू तीन वर्षं राहून भिंत खराब करून गेला तर पूर्ण रंगकामाचे नाही, फार तर पाचातल्या दोन हिश्शांचे मागता येतात. नवीन मालकांना हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

६. भाडेकरू कोण आणायचा

मॅनेजर आणेल, पण निकष तुम्ही लेखी द्या आणि शेवटचा होकार तुमचा ठेवा. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसावं हा जुना ठोकताळा अजून चालतो. आधीच्या घरमालकाला फोन करायला सांगा, आणि आधीचा म्हणजे आत्ताच्या आधीचा. आत्ताच्या मालकाला त्रास देणारा भाडेकरू जायला हवा असेल तर तो तोंडभर कौतुक करेल ना. धर्म, जात, वंश, कुटुंब यावरून माणसं गाळायला मॅनेजरला सांगू नका आणि तो करत असेल तर थांबवा, बऱ्याच देशांत तो सरळ गुन्हा आहे किंवा दंड आहे आणि "मॅनेजरने केलं" म्हणून मालक सुटत नाही.

घर रिकामं असताना भाड्यावर अडून बसायचा मोह होतो. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, भाडं ५ टक्क्यांनी कमी करणं म्हणजे वर्षभरात १८ दिवसांचं भाडं सोडणं. म्हणजे अडून बसल्यामुळे घर अजून १८ दिवस रिकामं राहिलं की जिंकलेलं सगळं गेलं.

७. महिन्याचं स्टेटमेंट, आणि माझ्या नळाची गोष्ट

स्टेटमेंट आलं की मी आधी शेवटचा आकडा बघायचे आणि बंद करायचे. तसं करू नका. वरून खाली वाचा: मागची शिल्लक, आलेलं भाडं आणि त्याची तारीख, फी, प्रत्येक दुरुस्ती वेगळी, दुरुस्त्यांसाठी मॅनेजरने राखीव ठेवलेले पैसे, तुम्हाला पाठवलेले पैसे. मागच्या महिन्याची शेवटची शिल्लक आणि या महिन्याची सुरुवातीची शिल्लक जुळते का बघा, एवढ्या एका गोष्टीने निम्मे घोळ सापडतात. फी जमा भाड्याच्या किती टक्के पडली ते मोबाइलवर भागून बघा. दुरुस्तीच्या प्रत्येक ओळीमागे कारागिराचं मूळ बिल हवं आणि कामाच्या आधीचा नंतरचा फोटो हवा. राखीव पैसे किती साठले आणि कुठे आहेत हे सहा महिन्यांतून एकदा विचारा.

तर नळ. पहिल्या मॅनेजरकडे दुसरं वर्ष चालू होतं, मी एका रविवारी करासाठी सगळी बिलं एका फोल्डरमध्ये टाकत होते. न्हाणीघरातला नळ दुरुस्त, फोटोसकट, मार्चमध्ये. न्हाणीघरातला नळ बदलला, फोटोसकट, जूनमध्ये. दोन्ही फोटो शेजारी शेजारी आले आणि मला काहीतरी खटकलं, कळेना काय. मग दिसलं, बेसिनच्या कडेला एक निळा टूथब्रश, दाते डावीकडे, आणि त्याच्या शेजारी साबणाचा अर्धचंद्र तुकडा. दोन्ही फोटोंत. तीन महिन्यांत साबण झिजला नव्हता. भाडेकरूला विचारलं तर तो म्हणाला जूनमध्ये तर कोणीच आलं नव्हतं. कुंपणच शेत खात होतं. मॅनेजरने "स्टाफची चूक" म्हणून ते पैसे परत केले, आणि मग मी बसून मागची सगळी बिलं काढली, त्यात अजून दोन कामं अशी निघाली की एकच काम दोन बिलांत तोडून मर्यादेच्या आत बसवलेलं. रक्कम फार मोठी नव्हती हो, पण वर्षभर मी एक फोटोही उघडून बघितला नव्हता याची लाज जास्त वाटली.

आता महिन्यातून पंधरा मिनिटं, ठरलेल्या दिवशी, आणि दर महिन्याला एक तरी प्रश्न विचारतेच, काही सापडलं नाही तरी. "हा वॉशर कुठल्या नळाचा?" एवढंच. समोरच्याला कळतं की इथे कोणीतरी वाचतंय.

८. बोलणं चालणं

एकच मार्ग ठेवा, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप, आणि फोनवर काही ठरलं तर लगेच दोन ओळी टाका. मी अशा टाकते: "आत्ता बोललो त्याप्रमाणे, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप बदलायचा, कोटेशन दुसरं मंजूर, शुक्रवारपर्यंत काम, फोटो पाठवा." समोरून "ओके" आलं की पुरावा तयार. आणि तुम्हाला काही विचारलं तर तुम्हीही त्याच दिवशी उत्तर द्या. चार दिवस मालकाचं उत्तर नाही म्हणून काम अडलं तर भाडेकरूच्या नजरेत वाईट मॅनेजर होतो, आणि मग पुढच्या वेळी तो तुमच्या घराचा फोन सगळ्यात शेवटी करतो. माणूसच आहे तो. काम चांगलं झालं तर तेही लिहून सांगा, फुकट असतं.

भाडेकरूशी परस्पर व्यवहार करू नका. माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्या मॅनेजरच्या वेळी भाडेकरूने मला थेट मेसेज केला की एका खोलीला रंग देऊ का, मी म्हटलं द्या की, त्यात काय. त्याने भाड्यातून रंगाचे पैसे कापले, मॅनेजरला काहीच माहीत नाही, त्याने थकबाकीची नोटीस पाठवली, भाडेकरू चिडला, मॅनेजर माझ्यावर चिडला आणि दोघांचंही बरोबर होतं. आता भाडेकरूचा मेसेज आला की मी तो जसाच्या तसा मॅनेजरला पाठवते आणि भाडेकरूला सांगते की त्यांच्याकडे दिलाय. अपवाद एकच, मॅनेजर फोन उचलत नाहीये अशी तक्रार असेल तर ती मी पूर्ण ऐकते.

९. घर बघायला जाणं

सहा महिन्यांतून एकदा मॅनेजरने आतून तपासणी करावी, फोटोंसकट, आणि वर्षातून एकदा जमेल तर तुम्ही सोबत जा. भाडेकरूला आधी कळवून, अचानक नाही, ते आता त्याचं घर आहे आणि बऱ्याच ठिकाणी आधी लेखी कळवणं कायद्याने लागतं. त्याचे कपडे, त्याचा पसारा याकडे बघायचं नाही. बघायचं ते सिंकखाली हात घालून ओल लागते का, कमोडच्या मागे पाणी झिरपतंय का, छताच्या कोपऱ्यात डाग, खिडकीखाली पोपडे, गिझरच्या जोडांवर गंज. भाडेकरूला विचारा काही त्रास आहे का. शंभरातले नव्वद लोक छोटी गळती सांगतच नाहीत, त्यांना वाटतं आपल्यावर बिल येईल. हा नव्वदचा आकडा माझा मनातला आहे, पण तुम्ही एकदा जाऊन बघाच.

१०. नाही जमलं तर

एक चूक झाली म्हणून मॅनेजर बदलू नका, बदलणं सोपं नसतं. पण पैसे वेळेवर येत नाहीत, बिलं मागितली की टाळाटाळ, किंवा डिपॉझिट कुठे आहे याचं सरळ उत्तर नाही, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. आधी नवीन माणूस ठरवा, मग करारात लिहिलेल्या पद्धतीने लेखी नोटीस द्या, तारीख मोजून.

सोडताना हे सगळं हातात घ्यायचं: भाडेकरूचा मूळ करार, त्याची कागदपत्रं, राहायला येतानाचे फोटो, डिपॉझिट, राखीव पैसे, शेवटपर्यंतचा हिशोब, चालू असलेल्या दुरुस्त्यांची यादी, वीज पाण्याच्या खात्यांचे लॉगिन. भाडेकरूला नवीन खातं कळवताना जुन्या आणि नव्या दोघांच्याही सहीचं पत्र जाऊ द्या, शिवाय तुम्ही स्वतः फोन करा, कारण "आता भाडं या खात्यात भरा" असे खोटे मेसेज पाठवून फसवणारे लोक असतात आणि शहाणा भाडेकरू अशा मेसेजवर पैसे भरणारच नाही.

आणि चाव्या मोजून घ्या. मी चार दिल्या होत्या, परत आल्या तीन, चौथीबद्दल "ऑफिसमध्ये असेल, शोधून पाठवतो" असं उत्तर आलं. भाडेकरूला विचारून त्याच संध्याकाळी कुलूप बदलून घेतलं आणि नव्या चाव्यांचा आकडा नव्या करारावर लिहिला.